व्हेंडिंग मशीनसाठी जागा मिळवायची आहे, छापील पत्रकात काय असावं?

एकच पान पुरे, आणि त्यावर मशीनचं कौतुक कमी. जागेच्या मालकाला तीनच गोष्टी कळायला हव्या असतात: खर्च कोणाचा, माल कोण भरणार, बिघडलं तर किती वेळात कोण येणार. ही उत्तरं वरच्या भागात, मोठ्या अक्षरात. मशीनची लांबी-रुंदी-उंची द्या. साधा प्लग चालतो की विजेची वेगळी लाइन लागते, तेही लिहा. बरेच जण हेच विसरतात.

जागेच्या मालकाला विक्रीतून द्यायच्या कमिशनचा आकडा मात्र छापू नका. तो त्या जागी किती विक्री होईल त्यावर ठरवायचा असतो, छापला की तुम्ही अडकलात. फोटो तुमच्याच मशीनचा हवा. पहिल्या खेपेला थोड्याच प्रती काढा, मजकूर बदलतोच. आणि रिसेप्शनवर गठ्ठा ठेवून येऊ नका. निर्णय कोण घेतं ते विचारून त्यांच्याच हातात द्या.