वाचकांचे प्रश्न : शीट फिल्मच्या कडा गडद का होतात?

प्रश्न : मी ४×५ इंची एचपी५ प्लस शीट (ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचे सुटे तुकडे) घरीच, रात्री बाथरूममध्ये पूर्ण अंधार करून धुतो. ८×१० चा ट्रे, अर्धा लिटर डी-७६ डेव्हलपरचा स्टॉक (जास्तीचं पाणी न मिसळलेलं मूळ द्रावण) आणि एका वेळी चार शीट. मे महिन्यात नळाचं पाणी ३० अंशांवर जातं, म्हणून वेळ तीन मिनिटांवर आणली. आता निगेटिव्हच्या दोन्ही लांब कडांना सेंटिमीटरभर गडद पट्टा येतो आणि प्रिंटमध्ये आकाशाच्या कडा उजळ दिसतात. दोष लेन्सचा की केमिकलचा? (इंदूर)

उत्तर : लेन्सचा नाही. लेन्स कोपऱ्यांना कमी प्रकाश देते, त्यामुळे तिच्यामुळे निगेटिव्हचे कोपरे पातळ, म्हणजे फिके होतात. तुमच्या कडा दाट झाल्या आहेत. केमिकलही ठीक आहे. घात केला तो तीन मिनिटांनी.

डेव्हलपर इमल्शनमध्ये (फिल्मवरच्या प्रकाशसंवेदी थरात) सगळीकडे एकाच वेळी मुरत नाही. ट्रे हलवला की लाट भिंतीवर आपटून परतते आणि कडांना ताजा डेव्हलपर जास्त मिळतो. सुरुवातीची ही तफावत दहा-अकरा मिनिटांत बरीचशी भरून निघते, तीन मिनिटांत तशीच राहते. ट्रेमध्ये पाच मिनिटांच्या आत उरकणारं डेव्हलपिंग करूच नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

तेव्हा स्टॉक तसाच न वापरता १:१ करा : ५०० मिली स्टॉक, ५०० मिली पाणी, वापरून झाल्यावर ओतून द्या. २० अंशांना ११ मिनिटं. इंदूरच्या उन्हाळ्यात २० चा हट्ट धरण्यापेक्षा २४ वर काम करा. वेळ साडेसात मिनिटांच्या आसपास येते. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकू नका, डेव्हलपर पातळ होतो आणि थंड-गरम थर पडतात. मोठ्या टबात २४ अंशांचं पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवा आणि बर्फाची बांधलेली पिशवी टबात सोडा. स्टॉप बाथ (डेव्हलपिंग थांबवणारं द्रावण) आणि फिक्सरही (प्रतिमा पक्की करणारं द्रावण) याच तापमानाच्या जवळ असू द्या. लिटरभर द्रावणामुळे ट्रेमध्ये दोन सेंटिमीटर खोली मिळते. अर्ध्या लिटरने एकच मिळत होती.

आधी त्याच तापमानाच्या साध्या पाण्यात दोन मिनिटं भिजवा. शीट एकेक करून, इमल्शन वर ठेवून सोडा. कोरड्या शीट एकदम टाकल्या तर चिकटतात आणि चिकटलेला भाग कच्चा राहतो. (शीट उभी धरून तिच्या कडेला कापलेली खाच वरच्या उजव्या कोपऱ्यात आली की इमल्शन तुमच्याकडे असतं.) डेव्हलपरमध्ये दर सात-आठ सेकंदांनी तळाची शीट काढून वर ठेवा आणि हलकेच दाबा. चार शीटची एक फेरी अर्ध्या मिनिटात होते. प्रत्येक फेरीत शीट अर्धी फिरवा, म्हणजे तीच कड दर वेळी बोटांत येणार नाही. ट्रे डोलवायची मग गरजच नाही. वाया गेलेल्या चार शीट घेऊन उजेडात साध्या पाण्यात हा सराव हात बसेपर्यंत करा. अंधारात ओरखडे पडतात ते घाईमुळेच.

तरीही शंका राहिली तर सारख्या उजेडातली भिंत फोकसबाहेर ठेवून दोन शीटवर घ्या आणि एकेकटीच, ट्रे एकाच दिशेने डोलवून धुवा. दुसरी ट्रेमध्ये आडवी ठेवा. पट्टा खाचेच्या हिशेबाने त्याच बाजूला आला तर कॅमेरा किंवा होल्डर (कॅमेऱ्यात शीट धरणारी चौकट) तपासा. ट्रेच्या दिशेप्रमाणे जागा बदलली तर कारण डेव्हलपिंगचं. झालेल्या निगेटिव्ह आता सुधारणार नाहीत, पण प्रिंट करताना कडांना जास्त एक्स्पोजर देऊन आकाश सावरता येतं.

प्रश्न : माझ्याही निगेटिव्हवर डाग आहेत, पण ते गोल कड्यांसारखे आणि तिरप्या उजेडातच दिसतात. घरी बोअरिंगचं पाणी आहे. हेही असमान डेव्हलपिंगच का? (ग्वाल्हेर)

उत्तर : नाही, ते वाळतानाचे क्षारांचे डाग. शीट पुन्हा दहा मिनिटं भिजवा. मग शेवटची बुडी लिटरभर डिस्टिल्ड पाण्यात पाच मिली इल्फोटॉल (पाण्याचे थेंब न धरू देणारं वेटिंग एजंट) घालून द्या आणि एका कोपऱ्याने टांगा. पुसू नका. डाग चमकदार बाजूला असतील तर बहुतेक निघतील; इमल्शनवर बसलेले जास्त चिवट असतात.