बोसा नोव्हा खरंच जोबिम आणि जिल्बर्टोपासून सुरू झाला का? मग जॉनी आल्फ कोण?

तुम्ही विचारलंय की बोसा नोव्हा (सांबा आणि जॅझ मिसळून झालेलं ब्राझीलचं संगीत) म्हटलं की सगळे टॉम जोबिम हा संगीतकार आणि जोआओ जिल्बर्टो हा गायक-गिटारवादक यांचंच नाव घेतात, मग हा जॉनी आल्फ नावाचा पियानोवाला कोण आणि काही लोक त्यालाच या संगीताचा खरा जनक का म्हणतात. माझ्या मते म्हणतात ते बरोबरच आहे, आणि त्याचं नाव इतकं मागे पडलं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नुसती सालं बघा ना. जिल्बर्टोच्या 'शेगा जी सौदाजी' या गाण्याची रेकॉर्ड १९५८ ला आली, बोसा नोव्हाची सुरुवात तिथून धरतात. जॉनी आल्फचं 'रापाज जी बेंग' हे गाणं १९५५ लाच रेकॉर्ड झालं होतं. त्याच्याही आधी, १९५२ मध्ये, मेरी गोन्साल्वेस नावाच्या गायिकेने त्याची गाणी गायली होती.

आल्फचं खरं नाव आल्फ्रेडो जोसे दा सिल्व्हा, जन्म १९२९ चा, रिओचा. कृष्णवर्णीय, गरीब घरातला. वडील सैन्यात होते, हा तीन वर्षांचा असताना गेले. आई एका घरी कामाला होती आणि त्याच घरच्यांनी पोराला सांभाळलं, शिकवलं. नवव्या वर्षी पियानो सुरू झाला तो क्लासिकलचा, पण जीव जडला हॉलिवूडच्या गाण्यांवर, गर्श्विन, कोल पोर्टर, मग नॅट किंग कोल. १९५४ च्या सुमारास तो रिओच्या कोपाकबाना भागातल्या प्लाझा हॉटेलच्या बारमध्ये वाजवायचा. तिथे गिऱ्हाईक फारसं नसायचं त्यामुळे हवं ते वाजवायची मोकळीक होती, आणि ऐकायला कोण यायचं तर जोबिम, जिल्बर्टो, जोआओ डोनाटो, आणि तेव्हा अगदी कोवळी पोरं असलेले कार्लोस लिरा आणि रॉबर्टो मेनेस्कल! पुढे बोसा नोव्हा ज्यांच्या नावाने ओळखला गेला ती ही सगळी मंडळी.

आता त्याच्या वाजवण्यात वेगळं काय होतं. त्या काळी तिथे सांबा-कान्साँव जोरात होतं, म्हणजे विरहाची गाणी, आवाज कापवत, काळीज ओतून गायलेली. हा मात्र हलक्या आवाजात, बोलल्यासारखं गायचा, शब्द तालाच्या थोडे मागे-पुढे सोडायचा आणि खाली पियानोवर सातवा, नववा असे वरचे सूर घातलेले जॅझचे कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवलेले तीन-चार सूर. आपल्याला तानपुऱ्याची सवय, सा एकदा लावला की तो हलत नाही. इथे गळ्यातला सूर तोच राहतो आणि खालचा कॉर्ड बदलला की त्याच सुराचा अर्थच बदलतो, मघाशी जो घरी आल्यासारखा वाटत होता तो आता अधांतरी लटकतो. कीबोर्ड असेल तर एक सूर धरून खाली डाव्या हाताने वेगवेगळे कॉर्ड लावून बघा, लगेच कळेल मी काय म्हणतोय ते.

मग नाव का नाही झालं? मला वाटतं सगळ्यात मोठं कारण म्हणजे १९५५ लाच तो साओ पावलोला गेला, तिथे बाइउका नावाच्या बारमध्ये काम मिळालं होतं. रिओत ज्या वर्षांत या संगीताला नाव मिळालं, रेकॉर्ड निघाल्या, पेपरात छापून आलं, त्या वर्षांत हा तिथे नव्हताच. पहिली एलपी निघाली थेट १९६१ ला. १९६२ च्या न्यूयॉर्कमधल्या कार्नेगी हॉलच्या बोसा नोव्हाच्या गाजलेल्या कार्यक्रमातही तो नव्हता. स्वभावाने बुजरा, त्यात दक्षिण रिओच्या सुखवस्तू पोरांच्या घोळक्यात हा मोलकरणीचा कृष्णवर्णीय मुलगा, याचा काहीच परिणाम झाला नसेल असं मी तरी मानत नाही.

१९६७ ला 'टीव्ही रेकॉर्ड' या वाहिनीच्या गाण्यांच्या स्पर्धेत, म्हणजे फेस्टिवलमध्ये, मार्सिया या गायिकेने त्याचं 'एउ ई आ ब्रीझा' गायलं. हा तोच फेस्टिवल जिथे काएतानो वेलोझो आणि जिल्बर्टो जिल हे तरुण गायक-गीतकार गाजले, हॉलमध्ये आरडाओरडा, हुर्यो, आणि त्यात हे वाऱ्याच्या झुळुकेवरचं शांत गाणं. सुरुवातीच्या फेरीतच बाद झालं. आज त्याचं सगळ्यात जास्त गायलं जाणारं गाणं तेच आहे.

पुढे तो वाजवत राहिला, संगीत शिकवलंही, आणि २०१० मध्ये साओ पावलोजवळ सांतो आंद्रेला वारला.

ऐकायचं असेल तर आधी १९६१ चा 'रापाज जी बेंग' अल्बम लावा, त्यातलं 'इलुझाँव आ तोआ' तर नक्कीच, मग 'एउ ई आ ब्रीझा'. आणि जोबिम त्याच्यानंतर ऐका, आधी नको.