भूल आणि पहाटेचा चहा

प्रश्न : पित्ताशयातील खड्यांसाठी माझ्या आईवर (वय ६२) पुढील आठवड्यात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होणार आहे. तिला मधुमेह आहे. पूर्ण भूल दिल्यावर आपण जागेच झालो नाही तर, या भीतीने तिची झोप उडाली आहे. शिवाय पहाटेच्या चहावाचून तिचे डोके दुखते. निदान अर्धा कप द्यावा का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी चहाचे पाहू, कारण भुलेतील एक खरा धोका तिथेच आहे. पूर्ण भुलेत गिळण्या-खोकण्याची शरीराची संरक्षक क्रिया थांबते; अशा वेळी जठरातले अन्न उलटून श्वासनलिकेत उतरले तर फुप्फुसांना गंभीर इजा होऊ शकते. दुधाचा चहा, मग तो अर्धा कप का असेना, अन्नातच मोडतो. हलका आहार आणि दूध यांनंतर सहसा ६ तास, तर तळलेल्या पदार्थांनंतर ८ तास पोट रिकामे ठेवायला सांगतात. पाणी किंवा कोरा चहा बहुधा २ तास आधीपर्यंत चालतो. मात्र जुन्या मधुमेहात जठर सावकाश रिकामे होत असल्याने आईंच्या बाबतीत भूलतज्ज्ञांनी सांगितलेली वेळच पाळावी. चुकून चहा घेतलाच गेला, तर तो लपवू नये. फार तर शस्त्रक्रिया काही तास लांबेल.

आता भीतीविषयी. भूलतज्ज्ञ एक सुई टोचून निघून जातात, असा समज अजूनही आढळतो. प्रत्यक्षात ते शेवटपर्यंत रुग्णापाशी असतात. भुलेचे औषध सलग चालू ठेवावे लागते आणि ते थांबवले की रुग्ण जागा होऊ लागतो. हृदयाचा आलेख, रक्तदाब, रक्तातील ऑक्सिजन आणि उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड यांवर सतत नजर असते. ऑक्सिजन मोजणारा चिमटा बोटाला लावतात, म्हणून नखांचा रंग काढावा.

मधुमेहाच्या गोळ्या अथवा इन्सुलिन उपाशीपोटी नेहमीच्या मात्रेत घेतल्यास साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. कोणते औषध केव्हा थांबवायचे, हे आधीच लिहून घ्यावे. हलणारे दात, कवळी, रक्त पातळ करणारी गोळी, घरच्या कोणाला पूर्वी भुलेचा झालेला त्रास आणि बायका सहसा सांगत नाहीत ती मिश्रीसुद्धा भूलतज्ज्ञांना सांगावी. काढ्यांना औषध न मानण्याची आपली सवय इथे महागात पडू शकते.

शुद्धीवर आल्यावर थंडी वाजणे, मळमळणे किंवा श्वासनलिकेत घातलेल्या नळीमुळे घसा खवखवणे, हे त्रास बहुधा एक-दोन दिवसांत ओसरतात. मळमळ सुरू होताच परिचारिकेला सांगावे, म्हणजे उलटीआधीच औषध देता येते. खांदा दुखू लागला तर आई घाबरतील. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात भरलेल्या वायूमुळे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) डिवचले जाते आणि ती कळ खांद्यात जाणवते, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.