वाचकांचे प्रश्न: क्रिस्टल बारीकच राहिला तर?

प्रश्न: मी चोपड्याची, एम.एस्सी. बायोकेमिस्ट्री करतेय. सर म्हणतात पेशीच्या पडद्यातल्या लहान रिसेप्टरचे (बाहेरचा संदेश पकडणाऱ्या प्रोटीनचे) क्रिस्टल मोठे होत नाहीत, आणि क्रायो-ईएमला (प्रोटीन गोठवून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने बघायची पद्धत) ते प्रोटीनच लहान पडतं. मग रचना काढायची कशी? इलेक्ट्रॉन डिफ्रॅक्शनबद्दल वाचलं पण डोक्यावरून गेलं.

उत्तर: ताई, सरांचं बरोबर आहे. आपण जीपीसीआर धरू, म्हणजे पडद्यातून सात वेळा आरपार गेलेले रिसेप्टर, माणसात यांचे जवळजवळ 800 प्रकार आहेत आणि बाजारातली साधारण एक तृतीयांश औषधं यांच्यावरच काम करतात. एकट्याचं वजन 40 किलोडाल्टनच्या (रेणूंचं वजन मोजायचं एकक) आसपास, त्यातही बराचसा भाग पडद्यात बुडालेला. क्रायो-ईएममध्ये सुट्या रेणूंचे लाखो धूसर फोटो एकमेकांशी जुळवायचे असतात आणि इथे जुळवायला बाहेर ठळक असं काही नसतंच. रिसेप्टरचा पेशीतला जोडीदार, जी-प्रोटीन, जोडलं तर जमतं, पण मग रिसेप्टर चालू झालेला दिसतो, औषधाने बंद पाडलेला बघायचाय तर पुन्हा वेगळ्या युक्त्या लढवा.

राहिला एक्स-रे. क्रिस्टलवर किरण सोडला की तो विखरून ठिपक्यांची नक्षी उमटते, हेच डिफ्रॅक्शन, आणि तिच्यावरून रचना काढतात. त्याला क्रिस्टल पाहिजे, म्हणून मोनोओलीन नावाचं लिपिड आणि पाणी मिसळून टूथपेस्टसारखं घट्ट मिश्रण करतात, लॅबमध्ये त्याला एलसीपी म्हणतात, आणि त्यात प्रोटीन वाढवतात. क्रिस्टल येतातही, पण बऱ्याचदा इतके बारीक की नेहमीच्या एक्स-रे बीमला त्यांचा काही उपयोग नाही, मग मोठे करायच्या नादात वर्षं जातात.

इलेक्ट्रॉन मात्र अणूंशी एक्स-रेपेक्षा हजारो पटीने जास्त भिडतात, त्यामुळे इवल्याशा क्रिस्टलमधूनही डिफ्रॅक्शनचे ठिपके मिळतात. 2013 मध्ये तामीर गोनेन यांच्या गटाने अमेरिकेत जनेलिया संशोधन केंद्रात लायसोझाइम या प्रोटीनवर हे करून दाखवलं, मायक्रो-ईडी म्हणतात त्याला. मशीन तेच क्रायो टीईएम, म्हणजे क्रायो-ईएमचाच मायक्रोस्कोप, बीम अगदी मंद ठेवायचा नाहीतर प्रोटीन जळतं, आणि गोठवलेला क्रिस्टल हळूहळू फिरवत कॅमेऱ्यावर ठिपके टिपत राहायचं.

आता हे जोरात भिडणंच अंगाशी पण येतं! क्रिस्टल जरा जाड असला की इलेक्ट्रॉन आत दोन-तीनदा आपटतात आणि डेटा बिघडतो, जाडी 200-300 नॅनोमीटरच्या घरात पाहिजे. एलसीपीत गाडलेला क्रिस्टल तेवढा पातळ करणार कसा? तर गोठवून आयन बीमने (विद्युतभारित कणांच्या झोताने) वरून-खालून तासायचा आणि मधली पातळ चकती ठेवायची. 2021 मध्ये माणसाच्या ए2ए अडेनोसिन रिसेप्टरची रचना अशीच एका क्रिस्टलवरून 2.8 अँगस्ट्रॉमपर्यंत काढली (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग, आकडा जितका लहान तितकं चित्र स्पष्ट). (चहा-कॉफीतलं कॅफीन अडवतं तोच हा रिसेप्टर.) त्यात अडवणारा रेणू जागेवर बसलेला दिसला आणि आजूबाजूला चार कोलेस्टेरॉल पण. माझं मत विचाराल तर लगेच हुरळून जाऊ नका, ए2ए एक्स-रेने आधीच माहीत होता, आणि ठिपक्यांमधून फक्त तीव्रता मिळते, फेज (लाटा एकमेकींच्या किती पुढे-मागे आहेत ते) नाही, त्यामुळे सुरुवात बहुतेकदा ओळखीच्या रचनेपासूनच केली जाते. पण बारीक क्रिस्टल आले म्हणून सेटअप फेकून द्यायचे दिवस गेले, हे नक्की.

प्रश्न: हे भारतात कुठे शिकता येईल? — एक विद्यार्थी, साक्री

उत्तर: मोठी क्रायो-ईएम सुविधा बंगळुरूला आहे, एनसीबीएस-इनस्टेम या जीवशास्त्र संशोधन संस्थांच्या आवारात, भुसावळहून कर्नाटक एक्सप्रेस थेट जाते. पण भाऊ, आधी जिथे आहात तिथे प्रोटीन प्युरिफिकेशनवर हात बसवा, डिटर्जंटमध्ये (पडद्यातून सोडवलेलं प्रोटीन विरघळत ठेवणारा साबणासारखा पदार्थ) प्रोटीन टिकवता आलं नाही तर पुढचं मशीन काय करणार. आणि प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रोटीनच्या रचनांचा ऑनलाइन साठा, फुकट आहे, ए2एची रचना डाउनलोड करून कायमेरा-एक्स या रचना बघायच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि तो रेणू कुठल्या खोबणीत बसलाय ते स्वतः शोधा, साध्या लॅपटॉपवर चालतं.