खोगीर म्हणजे घाम धरणारं

भाच्यानं सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून येऊन विचारलंय, की मामा, एक व्यापारी जीन म्हणतो, दुसरा खोगीर, मग दोन्ही एकच का? आणि "खोगीरभरती निघाली" म्हणजे मोठी नोकरभरतीच ना?

नाही रे बाबा! हे दुसरं ऐकून ऐकून डोकं फिरलंय माझं. कुठं जागा निघाल्या की पोरं एकमेकांना सांगतात, खोगीरभरती आली, फॉर्म भरा. अरे, ती भरती नोकरीची नाही, गादीची! खोगीर म्हणजे घोड्याच्या पाठीवरची जाड कापडी गादी, तिच्या आत चिंध्या, गवत, हाताला लागेल ते कोंबायचं आणि शिवून टाकायचं, मग आत काय आहे कोण बघतंय. म्हणून नुसती जागा भरायला घातलेलं बिनकामाचं ते खोगीरभरती, मग ती कमिटीतली माणसं असोत नाहीतर भाषणातली वाक्यं.

पण खरी मजा खोगीर या शब्दातच आहे. फारसीत खुय म्हणजे घाम आणि गीर म्हणजे धरणारा. घाम धरणारं ते खोगीर! आमच्याकडचे एक वक्ते दरवेळी सांगतात की हा शब्द खग म्हणजे पक्ष्यावरून आला, घोडा वाऱ्यावर उडतो म्हणून, आणि लोक टाळ्या वाजवतात. साफ चूक. हिंदीत जीनाखालच्या नमद्याला, म्हणजे लोकरीच्या जाड कापडाला, अरकगीर म्हणतात, अरक हा घामाचा अरबी शब्द, पुढं गीर तोच. आता यात पक्षी कुठं बसवणार? हाच गीर जहागिरीत आहे, दस्तगीर म्हणजे हात धरणारा त्यात आहे, आलमगीर म्हणजे जग काबीज करणारा त्यात आहे, आणि बारगीरमध्ये तर बघाच, फारसीत बार म्हणजे ओझं, बारगीर म्हणजे ओझ्याचं जनावर, आणि मराठी फौजेत तोच शब्द सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला लागला, म्हणजे शब्द घोड्यावरून उठून माणसावर जाऊन बसला!

माझं तर ठाम मत आहे की आधी खोगीर म्हणजे फक्त खालचं, घाम टिपणारं, वर बसायची सोय त्यात नंतर आली. "खोगीर म्हणजे जीन" एवढं लिहून मोकळे होतात ना, त्यांनी घामेजलेली घोड्याची पाठ कधी पाहिलेलीच नाही.

हां, जीन राहिलंच. ते चामड्याचं, आत सांगाडा असलेलं. पुढच्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात जाशील तेव्हा दौडून आलेल्या घोड्याचं जीन उतरवताना थांब, आणि त्याच्या खालच्या कापडाला हात लावून बघ.