समर कॅम्प की सहल? आधी घरी कोणी नसलेले दिवस मोजा

तुम्ही लिहिलंय की दोघंही नोकरी करता, बोरिवलीला राहता, मुलगी दहा वर्षांची आणि मुलगा सहाचा. गावाला आता घर नाही. मे महिन्यासाठी ४० हजार बाजूला काढलेत. दोघांना समर कॅम्पला घातलं तर फिरायला जाणं होत नाही, फिरायला गेलं तर कॅम्प राहतात, आणि सोसायटीतली सगळी मुलं तर कॅम्पला जातात.

मी कांदिवलीची. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठची. तीन वर्षांपूर्वी आम्ही अगदी याच जागी उभे होतो आणि चुकीचं निवडलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या वर्षी मुलाला रोबोटिक्स आणि मुलीला ‘पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट’ला घातलं. मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. दहा दिवस, रोज अडीच तास, प्रत्येकी साडेसहा हजार. एकाची बॅच सकाळी दहाला, दुसरीची दुपारी चारला. आम्ही दोघं सव्वाआठला घर सोडतो आणि सव्वासातला परत येतो, म्हणजे ने-आण करायला माणूस हवाच. शेजारच्या मावशींना महिनाभराचे सात हजार दिले, रिक्षाचे तीन हजार झाले. एकूण २३ हजार. दापोलीला जायचं ठरलं होतं, ते राहिलं. शाळा सुरू व्हायच्या आदल्या रात्री वह्यांना कव्हरं घालत होतो, तेव्हा मुलीने विचारलं, “आई, आपण समुद्रावर कधी जाणार होतो?” मला काहीच उत्तर देता आलं नाही.

त्या रात्री मी कागद घेऊन बसले. सुट्टी ४५ दिवसांची. शनिवार, रविवार आणि महाराष्ट्र दिन सोडला तर साधारण ३१ दिवस उरतात. रोज अकरा तास घरी मोठं कोणी नाही, म्हणजे ३४१ तास. त्यातले कॅम्पने किती भरले? प्रत्येकाचे पंचवीस. आम्ही समजत होतो की कॅम्पमुळे मुलांची सोय झाली. सोय मावशींनी केली होती. कॅम्प ही शिकण्याची हौस होती, आणि तीही मुलांपेक्षा आमची जास्त.

म्हणून माझं पहिलं सांगणं हे, की कॅम्प आणि सहल यांना तराजूच्या दोन पारड्यांत घालू नका. मुलांना दिवसभर कोण सांभाळणार, मूल नवीन काय शिकणार आणि चौघं एकत्र कधी असणार, हे तीन वेगळे खर्च आहेत. आपण पहिल्याच्या काळजीपोटी दुसऱ्यावर पैसे घालतो आणि तिसरा कापतो. मुंबईत वर्षभर आपण मुलांना झोपायच्या आधीचे दोन तास भेटतो. तो तिसरा खर्च कापायचा नसतो, असं माझं ठाम मत आहे.

गेल्या वर्षी आम्ही ३१ दिवस असे भरले. सहलीला पाच दिवस. सासूबाई नाशिकहून आल्या, त्यांचे आठ. पुढचे आठ दिवस चार घरांनी मिळून काढले, आणि हा उपाय मला सगळ्यात आवडला, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. आमच्या इमारतीत चार कुटुंबं, मुलं सात. प्रत्येक आईने आणि प्रत्येक बाबाने दोन-दोन रजा टाकल्या. एका वेळी दोन मोठी माणसं, म्हणजे आठ दिवस सातही मुलांची सोय झाली. एकट्याने सात मुलं नेऊ नका, लोकलमध्ये तर नाहीच. एक दिवस नॅशनल पार्क. सकाळी साडेसातलाच आत शिरलो, कारण दहानंतर आतल्या कान्हेरी लेण्यांचा कातळ तापतो. सोमवारी पार्क बंद असतं. एक दिवस राणीची बाग, ती बुधवारी बंद. एक दिवस वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, महालक्ष्मीला उतरून. बाकीचे दिवस कोणाच्या तरी घरी: कॅरम, पत्ते, दुपारी पन्हं आणि भेळ. या सगळ्याला आमचे तीन हजार लागले. माझा मुलगा शेजारच्या काकांकडून बुद्धिबळ शिकला, आणि ते काका इतकी वर्षं आम्हाला फक्त लिफ्टमध्ये भेटत होते.

उरलेले दहा दिवस पाळणाघर. तिथे एक गोष्ट नीट विचारून घ्या. शाळा चालू असताना अर्ध्या दिवसाचा जो दर असतो, तो सुट्टीत पूर्ण दिवसाचा होतो आणि चांगलाच वाढतो. आम्ही महिन्याचे पैसे न भरता रोजच्या हिशेबाने ठरवलं, दोघांचे मिळून आठ हजार झाले.

आता कॅम्पचं. मी कॅम्पच्या विरोधात नाही. माझा मुलगा पोहायला शिकला तो अशाच एका शिबिरात. महापालिकेच्या तरण तलावांवर गेली काही वर्षं उन्हाळ्यात २१ दिवसांचे प्रशिक्षण वर्ग होतात, आणि कांदिवलीचा सरदार वल्लभभाई पटेल तलाव तुम्हालाही लांब नाही. नोंदणी सुरू झाली की लगेच करा, जागा भराभर संपतात. दादरला शिवाजी पार्कवर समर्थ व्यायाम मंदिराचं उन्हाळी शिबिर असतं. मल्लखांब शिकायचा तर तिथेच, पण बोरिवलीहून रोजची ने-आण कोण करणार, याचं उत्तर असेल तरच. आमचा नियम आता एवढाच: एका मुलाला एकच शिबिर, ते त्याने स्वतः निवडलेलं, आणि घरापासून दहा मिनिटांच्या आत.

सहलीच्या खर्चात दोन गोष्टींनी आमचा बराच फरक पडला. एक म्हणजे एसटी. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट आधीपासूनच होतं. चौघांत पूर्ण तिकीट एकट्या नवऱ्याचं, म्हणजे चार माणसं अडीच तिकिटांत दापोलीला पोहोचली. रेल्वेत २०१६ पासून त्याच वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडं पडतं. गाडी लागणारी मुलं असतील तर मात्र पैसे वाचवायला एसटीचा हट्ट धरू नका, घाटात सगळ्यांचेच हाल होतात. दुसरी गोष्ट वाराची. आम्ही रविवारी दुपारी निघालो आणि शुक्रवारी परतलो. शनिवार-रविवारला जी खोली मिळत नाही, ती मधल्या वारी मिळते आणि स्वस्तही मिळते. दापोलीजवळच्या मुरूडला एका घरगुती निवासात पाच रात्री, जेवणासकट १४ हजार. प्रवास, होडी, आंबे-काजू सगळं धरून सहल साडेएकवीस हजारांत झाली.

रेल्वेनेच जायचं असेल तर तारीख लक्षात ठेवा. नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. १० मेची गाडी हवी तर ११ मार्चला सकाळी तयार बसावं लागतं. नेमक्या त्याच सुमाराला कॅम्पवाल्यांचे ‘लवकर भरा, सवलत मिळवा’ असे मेसेज सुरू होतात, आणि घाईत पहिले पैसे तिकडे जातात. आधी सहलीचं आरक्षण करा. कॅम्पमध्ये एप्रिलच्या शेवटापर्यंत जागा असते, कोकणच्या गाडीत नसते.

आणि ४० हजारांतले सगळे मेमध्ये संपवू नका. जूनमध्ये वह्या-पुस्तकं, गणवेश, रेनकोट, बसची फी सगळं एकदम येतं. आम्ही आता जुलै ते एप्रिल महिना दोन हजारांची रिकरिंग लावतो, सहल बहुतेक त्यातूनच निघते.

तुमच्या जागी मी असते तर मुलाचा कॅम्प या वर्षी सोडून दिला असता. सहा वर्षांच्या मुलाला बरोबरीची पोरं आणि खेळायला जागा मिळाली की खूप झालं. मुलीला विचारा, तिला खरंच काय शिकायचंय, आणि तेवढं एकच द्या. सहलीला २० ते २२ हजार, तिच्या शिबिराला पाच, पाळणाघर आणि मुंबईतल्या भटकंतीला दहा-बारा हजार. सोसायटीतल्या बाकीच्या आयांशी या आठवड्यातच बोलून बघा. त्यांच्यापुढेही हाच प्रश्न असतो, फक्त सुरुवात कोणी करत नाही. आणि समुद्रावर जाणार असाल तर मे अर्धा व्हायच्या आत जा. महिन्याच्या शेवटी पाणी खवळायला लागतं, होड्या बंद होतात, आणि मुलांना दापोलीजवळच्या हर्णैच्या किनाऱ्यावरून समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला नुसता लांबून दाखवावा लागतो.