वाचकांचे प्रश्न : टाइम्ड लूप मागे का पडतो?

प्रश्न (जळगाव एमआयडीसी) : १६ मिमी ठिबक नळीला दर ४० सेंमीवर भोक पाडणाऱ्या यंत्राला लॅबव्ह्यू (मोजणी आणि नियंत्रणाचं सॉफ्टवेअर) लावलंय. विंडोज पीसी, यूएसबी कार्ड (सिग्नल घेणारं-देणारं), १० मिलिसेकंदांचा टाइम्ड लूप (ठरल्या वेळाने पुन्हा पुन्हा चालणारा प्रोग्रामचा भाग), दर ८० फेऱ्यांनी पंच. हीटरचं नियंत्रण आणि फाइलमधली नोंद त्याच लूपमध्ये. नळी मिनिटाला ३० मीटर धावते. मधूनच एक अंतर ४३ सेंमी येतं, लगेच पुढचं ३७. प्रायॉरिटी वाढवूनही फरक नाही.

उत्तर : ४३ पाठोपाठ ३७, इथेच निदान होतं. नळीचा वेग सेकंदाला ५०० मिमी, म्हणजे ३ सेंमी चुकायला लूप ६० मिलिसेकंद अडकलेला असणार. पहिला संशय फाइलवर. ‘डिस्कार्ड मिस्ड पिरियड्स’ची (हुकलेल्या फेऱ्या सोडून देण्याची) खूण तुम्ही काढलेली दिसते. त्यामुळे राहिलेल्या फेऱ्या धडाधड उरकल्या गेल्या आणि पुढचं भोक वेळेवर, म्हणून जवळ पडलं. खूण ठेवलीत तर ३७ येणार नाही, पण हुकलेल्या फेऱ्या मोजणीतून कायमच्या जातील आणि लूप कधीही अडकला तरी त्या वेळचं अंतर वाढेल.

डावीकडच्या डेटा नोडवरचं ‘फिनिश्ड लेट’ (मागची फेरी उशिरा संपली) किती वेळा ट्रू होतं ते मोजा. मग फाइलची नोंद बंद करून तासभर चालवा. आकडा घसरला तर नोंद वेगळ्या व्हाइल लूपमध्ये न्या आणि माहिती क्यूने (रांगेने) पोचवा. हीटरही वेगळे काढा, त्यांना ५०० मिलिसेकंदांचा लूप पुरतो. प्रायॉरिटीने विंडोजवर हमी मिळत नाही. अँटिव्हायरस जागा झाला की तुमचा आकडा कोण विचारतो?

एवढं करूनही नळी घड्याळाने मोजणं चुकीचंच. ओढणीचा वेग २ टक्के हलला की लूप बिनचूक असूनही ८ मिमी गेले. २०० मिमी परिघाचं मोजचाक आणि फेरीला १००० पल्सचा एन्कोडर (चाकाचं फिरणं मोजणारा सेन्सर) लावा. एक पल्स म्हणजे ०.२ मिमी, ४० सेंमी म्हणजे २००० पल्स. ही मोजणी कार्डावरच्या काउंटरकडे सोपवा : पल्स जनरेशन ‘टिक्स’मध्ये (वेळेऐवजी पल्स मोजून), सोर्स एन्कोडर, हाय (आउटपुट चालू) १०० आणि लो (बंद) १९००. मग विंडोज अडकलं तरी भोक जागेवरच पडतं.

यात एक खोच आहे. हाय असतानाच लाइन थांबली तर पल्स येणं बंद होतं आणि सोलेनॉइड (पंच चालवणारा विद्युतचुंबक) ओढलेलाच राहून जळतो. म्हणून या पल्सने दुसरा, रीट्रिगरेबल (दर पल्सला नव्याने सुरू होणारा) काउंटर चालवा. तो आतल्या घड्याळावर ४० मिलिसेकंदांचा ठोका देईल. यूएसबी-६००८ वर हे जमत नाही, त्यात मोजणीपुरता एकच काउंटर आहे. यूएसबी-६३४१ मध्ये चार आहेत. २४ व्होल्टचा एन्कोडर कार्डाच्या ५ व्होल्ट इनपुटला थेट जोडू नका, मध्ये ऑप्टोकपलर (प्रकाशाने सिग्नल पोचवून दोन्ही सर्किट वेगळी ठेवणारा भाग) हवा. सोलेनॉइडला ड्रायव्हर (जास्त करंट देणारं सर्किट) आणि बंद होतानाचा झटका शोषायला उलटा डायोडही लागेल.

प्रश्न (सावदा) : केळी वेफर्सच्या कढईचा हीटर ५ सेकंदांच्या टाइम्ड लूपवर आहे. ‘स्टॉप टाइम्ड स्ट्रक्चर’ने लूप थांबवला तरी एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, हीटरचा इलेक्ट्रॉनिक स्विच) कधी कधी चालूच राहतो.

उत्तर : डिजिटल आउटपुटला शेवटी जे लिहिलं तेच कायम राहतं, टास्क बंद झाला तरी. त्यातून लूप असा अबॉर्ट केल्यावर तो आणखी एक फेरी मारतो, आणि त्या फेरीत तुमचा पीआयडी (तापमान सांभाळणारा हिशोब) पुन्हा ‘ऑन’ लिहू शकतो. ‘वेकअप रीझन’वर (फेरी का सुरू झाली ते सांगणाऱ्या आउटपुटवर) केस लावा, ‘अबॉर्टेड’ आलं की सरळ फॉल्स लिहा. लूपबाहेर, टास्क बंद करण्याआधी, पुन्हा एकदा फॉल्स. टूलबारवरच्या लाल अबॉर्ट बटणाने मात्र यातलं काहीच चालत नाही, ते वापरू नका.

एसएसआर बिघडला तर बहुतेक वेळा शॉर्टच होतो, म्हणजे चालूच राहतो, तिथे प्रोग्राम हतबल. गरम तेल आहे, तेव्हा हीटरच्या वाटेत कॉन्टॅक्टर (मोठा करंट तोडणारा रिले) आणि त्याच्या कॉइलला हाताने रीसेट होणारा स्वतंत्र थर्मोस्टॅट हवाच.